सुलट बूट

शनिवार, ३ ऑक्टोबर १९८७

एकदाचे आलो. एरी शहरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या सोडून कोल्टर्स रन गावी, लोर्नाच्या माहेरच्या घरात. सासरे एमिल वारल्यापासून घर बंद होतं. सासूबाई हिल्डा रस्त्यापलीकडे आपल्या बहिणीकडे राहतात. इथली किल्ली त्यांनी लग्नाची भेट म्हणून दिली. देताना म्हणाल्या, जावईबुवा, घर जुनं आहे, पण तुमच्याइतकं नाही. मी त्रेपन्न वर्षांचा आहे. बाई विनोदी आहेत.

पुढे अंगण आहे. सामान उतरवण्याआधी मोजलं: रुंदी चाळीस फूट, पायरीपासून फाटकापर्यंत छत्तीस. आधी पावलांनी, मग टेपने. पावलांचा अंदाज चार इंचांनी चुकला. मार्नी कुंपणापासून कुंपणापर्यंत तीनदा पळाली. मार्नी लोर्नाची मुलगी, नऊ वर्षांची. ज्या अपघातात तिचे वडील गेले त्यात तिचा डावा पाय सव्वा इंच आखूड राहिला. दुकानातून आणलेला उंच तळाचा बूट शिशासारखा जड होता. तो मी उसवला, बुचाचा तळ तासून बसवला, वजन निम्म्यावर आणलं. तेव्हापासून ती पळते. टक्-धप्प, टक्-धप्प. हा आवाज मी बनवला आहे असं मी कुणाला सांगत नाही. इथे लिहितो.

सोमवारपासून शाळेच्या बॉयलरची आणि डागडुजीची नोकरी. माझी स्वतःची शाळा आठवीत सुटली. पुढचं सगळं वाचनालयातून आणि मोडक्या वस्तू उघडून शिकलो. एकोणिसाव्या वर्षापासून वही ठेवतो, ही एकतिसावी. नियम दोनच. काम केलं त्याच दिवशी लिहायचं, आणि चुकलेलं माप खोडायचं नाही. शेजारी बरोबर माप लिहायचं.

गॅरेजच्या खिडक्या पुसल्या. उजेड उत्तम येतो.

मंगळवार, ६ ऑक्टोबर

मार्नीने जेवताना हॅलोविनचा विषय काढला. या गावात विकतची सजावट कुणी लावत नाही. प्लॅस्टिकचा सांगाडा टांगलेल्या घरासमोरून लोक नाक मुरडून पलीकडच्या बाजूने जातात, असं लोर्ना म्हणाली. इथे घरात जितकी माणसं तितकी बुजगावणी, ज्याच्या त्याच्या जुन्या कपड्यांत, महिन्याच्या पहिल्या आठवड्यापासून ३१ तारखेपर्यंत. त्या संध्याकाळी सगळी फाटकं उघडी ठेवायची, मुलं खाऊ मागत घरोघर फिरतात. दुसऱ्या दिवशी पेंढा भाजीच्या वाफ्यात.

मार्नी दर वर्षी आजीच्या अंगणात आपलं बुजगावणं करायचा हट्ट धरायची, आणि आजी दर वर्षी सांगायची की ज्या घरात झोपतेस त्याच्या पुढे कर. एरीला पुढे अंगण नव्हतं, जिना होता. आज मार्नीने बोटांवर मोजलं: एक आईचं, एक माझं, तिसरं तुझं, वेंडेल. तूही आता याच घरात झोपतोस ना.

मी ताटातला बटाटा बराच वेळ कापत बसलो. मग म्हणालो, करायचं तर नीट करू.

शुक्रवार, ९ ऑक्टोबर

कामावरून येताना आमची गल्ली पायी पाहिली. चौदा घरांपुढे मिळून एकेचाळीस बुजगावणी बाहेर आली आहेत. बहुतेक पेंढ्याच्या गठ्ठ्यांवर बसवलेली. चेहरे ठीक, हात गचाळ, पोटं बटाट्याच्या पोत्यासारखी. ते चालेल. पण एकेचाळीसच्या एकेचाळीस जणांच्या पायांत बूट उलटे. डावा उजव्यात, उजवा डाव्यात.

दुसऱ्या कुठल्या गावात असतं तर सोडून दिलं असतं. हे गाव पन्नास वर्षं बूट करत होतं. कारखाना बंद होऊन दहा वर्षं झाली, तरी इथला म्हातारा माणूस अजून आधी तुमच्या पायांकडे बघतो, मग तोंडाकडे. शेजारचे ऑरिन तिथेच तळ कापायच्या यंत्रावर होते. त्यांना विचारलं. ते म्हणाले, बुजगावण्याला कुठे जायचंय? मी म्हटलं, मग बूट तरी कशाला घालता? तर म्हणतात, बिचाऱ्याला थंडी वाजू नये म्हणून. आणि स्वतःच हसले.

आळशीपणा असतो, आणि मग त्याला रीत म्हणतात.

रविवार, ११ ऑक्टोबर

गॅरेजच्या कपाटात खजिना सापडला. बूट ज्यावर चढवून शिवतात ते लाकडी पाय, फर्मे. एमिल चाळीस वर्षं कारखान्यात तेच कोरत. खालच्या फळीवर घरच्यांचे आहेत, प्रत्येकावर पेन्सिलीने नाव. लोर्ना, लग्नानंतर, म्हणजे पहिल्या. मार्नी, डावा, उजवा, गेल्या उन्हाळ्यातले. मार्नीच्या डाव्या फर्म्यावर अंगठ्याशेजारचं ते बारीक हाडसुद्धा कोरलं आहे. असा कारागीर मला भेटायला हवा होता.

लगेच ठरवलं: आमच्या बुजगावण्यांना पेंढ्याचे गोळे नाहीत, खरे पाय.

माझे फर्मे अर्थातच नव्हते. मार्नीने मला खाकी कागदावर उभं केलं आणि समोर बसून पेन्सिलीने पावलं गिरवली. गुदगुल्या होत होत्या. ती म्हणाली, हलू नकोस, नाहीतर तुला बदकाचे पाय येतील. मग तिने दोन्ही पावलांवर डावा, उजवा असं मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि कोपऱ्यात सही केली. त्यावरून मॅपलचे दोन ठोकळे घेऊन कोरायला बसलो. फर्मा मी जन्मात कोरला नव्हता. पहिला बिघडला, दुसरा बरा झाला, तिसरा आणि चौथा ठेवण्यासारखे.

बुधवार, १४ ऑक्टोबर

झाली. तिन्ही. आमची बसत नाहीत, उभी राहतात.

आत लोखंडी नळीचा सांगाडा. गुडघ्याला आणि कोपराला दाराच्या बिजागऱ्या, तेल घालून. बोटं पाच-पाच, आत तार, वरून शिवलेले हातमोजे. ओटचा पेंढा, आणि वजन बरोबर यावं म्हणून वाळूच्या पिशव्या. मार्नी बासष्ट पौंडांची, तिचं बुजगावणंही बासष्ट. लोर्नाने तिचं वजन सांगायला नकार दिला, तेव्हा मी अंदाज केला. तिने अंदाज पाहिला आणि म्हणाली, दोन पौंड कमी कर नाहीतर आज सोफ्यावर झोप. कमी केले.

पायांत फर्मे, त्यावर आमचे वापरलेले बूट, आणि बूट सुलट. मार्नीच्या डाव्याला बुचाचा सव्वा इंची तळ. तिने तिच्या बुजगावण्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, खांद्याला खांदा लावून उंची पाहिली. मग विचारलं, बूट का नाही बदलले? मी म्हटलं, तुझे बूट तू कसे घालतेस? ती म्हणाली, बरोबर. मग झालं तर, मी म्हटलं.

लोर्नाने पायांकडे पाहिलं तेव्हा तिचा चेहरा जरासा बदलला. काय झालं विचारलं तर म्हणाली, काही नाही, फार छान केलीयस.

ओळंबा लावून, तोंड रस्त्याकडे करून उभी केली. पुढच्या दोघी फाटकापासून बरोबर तीस फुटांवर. माझं जरा मागे, पोटऱ्यांपर्यंत भोपळ्यांच्या ढिगात. करणाऱ्याने पुढे उभं राहू नये.

गुरुवार, १५ ऑक्टोबर

हिल्डाबाई सफरचंदाच्या मुरंब्याची बरणी घेऊन आल्या. फाटकातच थांबल्या. म्हणाल्या, जावईबुवा, हे काय केलंत? मला वाटलं कौतुक. गुडघ्यांच्या बिजागऱ्या दाखवायला लागलो. त्या म्हणाल्या, गुडघे राहू द्या, बूट बदला. मी कारण विचारलं. म्हणाल्या, आमच्याकडे घालत नाहीत असे. मी म्हटलं, हे कारण नाही, ही सवय आहे. त्या म्हणाल्या, चूल तापलेली असताना हात लावायचा नाही हीसुद्धा सवयच आहे.

मी सांगितलं, तुमच्या यजमानांनी हे पाय कोरले. असे पाय उलट्या बुटांत कोंबले तर ते थडग्यात कूस बदलतील. त्यांनी बरणी काखेत घेतली. मग म्हणाल्या, एमिलने सगळ्या गावाचे पाय कोरले आणि अंगणात मात्र आयुष्यभर उलटे बूट घातले. तो मूर्ख होता असं म्हणायचंय का तुम्हाला?

बरणी न देताच गेल्या.

बूट तसेच राहतील. आठवी नापासाला लोक आयुष्यभर सांगत आले की आमच्याकडे असं करत नाहीत. ऐकलं असतं तर मार्नी अजून शिशाचा बूट ओढत असती.

रविवार, १८ ऑक्टोबर

सकाळी चर्चला निघताना तिघं जागेवर होती. साडेअकराला परतलो तर मार्नीचं बुजगावणं फाटकापासून एकोणीस फुटांवर. अकरा फूट पुढे. लोर्नाचं सहा फूट पुढे.

वारा नाही. पडलेली नव्हती, उभी होती. कालच्या पावसाने माती मऊ होती. पावलांचे ठसे स्वच्छ. उजवा हलका, डावा खोल, दोन पावलांतलं अंतर पंधरा इंच. मार्नीचं अंतर मला पाठ आहे. पंधरा इंच.

दुसऱ्या कुणाचे ठसे नाहीत. फळी टाकून, तिच्यावरून चालत, ठसे मागाहून दाबणं शक्य आहे. वेळ लागेल, पण शक्य आहे. गावातल्या कुणाला तरी माझे बूट डोळ्यांत खुपतायत. ठीक. उचलून जागेवर ठेवली, दोन फुटी चार लोखंडी खुंट्या ठोकल्या, तारेने घोटे बांधले. मग फाटकावर पाटी लावली: बूट सुलटच राहतील. अक्षरं तीन इंची.

ऑरिननी कुंपणावरून पाटी वाचली. म्हणाले, वेंडेल, अक्षर सुरेख आहे रे तुझं. एवढंच.

मंगळवार, २० ऑक्टोबर

मार्नी शाळेत जाऊ शकली नाही. डावा पाय झोपलाय म्हणाली. दुपारपर्यंत उजवाही. डॉक्टर येऊन गेले; टाचणी टोचली, हातोडी मारली, त्यांना काही सापडलं नाही. म्हणाले, वाढीचं वय आहे, उतरेल.

लोर्नाच्या टाचांना मुंग्या.

संध्याकाळी खुंट्या पाहिल्या. चारही वाकलेल्या. तार तुटलेली नाही, ताणून लांबलेली. बुजगावण्याचा उजवा बूट तपासला. तळ झिजलाय. मी तो नवा बसवला होता, सहा दिवसांपूर्वी. आणि मार्नीचा खरा बूट पलंगाखाली जसाचा तसा आहे.

ही थट्टा नाही. लिहून ठेवतो: रविवारचा माझा अंदाज चुकला.

बुधवार, २१ ऑक्टोबर

मार्नीचं फाटकापासून बारा फुटांवर. लोर्नाचं सोळा. उचलायला गेलो, जागचं हललं नाही. बासष्ट पौंड. बॉयलरचं झाकण मी एकट्याने उचलतो.

बूट काढायला बसलो. नाडी बोटांखाली आवळत जाते. सोडायला लागलो की गाठ आणखी घट्ट. एक तास. शेवटी चामडं कापायची सुरी घेतली आणि टाचेजवळ बूट कापायला—

वरून मार्नी किंचाळली.

सुरी टाकून धावलो. तिच्या टाचेवर लाल रेघ, पाऊण इंच. मी कापलं तिथेच. तेवढंच.

तिने विचारलं, वेंडेल, तू काय करत होतास? सांगितलं. लपवलं नाही. ती म्हणाली, मग आता नको करू हं.

गुरुवार, २२ ऑक्टोबर

स्वतः जाऊन हिल्डाबाईंना विचारलं. दारातच उभा राहिलो. त्या म्हणाल्या, आत या, उभ्याने ऐकायची गोष्ट नाही.

एमिलचा थोरला भाऊ कॉनरॅड. कारखान्यात सगळ्यांत चांगला हात त्याचा. एका वर्षी त्याने पैज लावून स्वतःचं बुजगावणं अगदी नीट केलं, सुलट बूट घालून. हॅलोविनच्या संध्याकाळी दिवस मावळताना ते उघड्या फाटकातून बाहेर पडलं आणि रस्त्याने निघून गेलं. गल्लीतल्या सगळ्यांनी पाहिलं. कॉनरॅड त्यानंतर एकोणतीस वर्षं खुर्चीत होता. एमिलने चार दिवस त्या नाड्यांशी झटापट केली होती. म्हणाल्या, एकदा चालायला लागलं की जिवंत हाताला नाडी सुटत नाही. सगळ्यांनी करून पाहिलं, मीसुद्धा.

मी विचारलं, हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतंत? खरं बोला.

खरं बोललो. नाही.

लोर्नाला विचारलं, तुला माहीत होतं? ती आता उठू शकत नाही. म्हणाली, कॉनरॅडकाका खुर्चीत होते एवढं माहीत होतं. उलटे बूट आम्ही हातानेच शिकलो, कुणी कारण सांगितलं नव्हतं. आणि तू इतका खुशीत होतास की. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, माझं जाऊ दे. तिचं बघ.

शनिवार, २४ ऑक्टोबर

मार्नीचं नऊ फूट.

फाटकाला साखळी, दोन कुलपं. मागून चार इंची वासे. कामावर रजा टाकली. दिवसभर पायरीवर बसून पाहतो. पाहत असताना हलत नाहीत. डोळा मिटला, शिंक आली, मार्नीने हाक मारली की—

वर तिच्या पायांना हात लावला. गार. लाकडासारखे.

ऐक. तू जे काही आहेस. तुझे गुडघे मी केले. तुला माझ्या फाटकातून जाऊ देणार नाही.

मंगळवार, २७ ऑक्टोबर

पाच फूट. वासे तडकले. फाटकाला अजून कुणी शिवलेलंही नाही आणि वासे तडकले—

लोर्नाचं सात.

जिवंत हाताला सुटत नाही. जिवंत हाताला. लांब चिमटा करून पाहिला, हूक करून पाहिला, दोरी बांधून दुरून ओढून पाहिलं. मागे हात माझाच. त्यांना कळतं.

मार्नीने विचारलं, ते माझ्यासारखं चालतं का? मी म्हटलं, हुबेहूब. ती म्हणाली, मग तू चांगलं केलंयस. रडत नव्हती. मीच बाहेर आलो.

गुरुवार, २९ ऑक्टोबर

तीन फूट.

एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. माझं बुजगावणं. पहिल्या दिवसापासून इंचभर हललेलं नाही. आणि माझे पाय धडधाकट आहेत.

भोपळे बाजूला केले. बूट उलटे.

माझ्या हातून हे होणं शक्य नाही. फर्मे काढून पाहिले, ते सहज निघाले. मग खाकी कागद शोधला. मार्नी माझ्या समोर बसून गिरवत होती. तिच्या डाव्या हाताला माझा उजवा पाय. तिला जसं दिसलं तसं तिने लिहिलं, आणि मी तिची अक्षरं वाचून फर्मे जोडले, ज्या फर्म्यावर जो बूट बसला तो चढवला. तपासलं नाही. तिने लिहिलं होतं म्हणून तपासलं नाही.

एकतीस वह्यांत एवढी ढोबळ चूक नाही. त्या चुकीने मला चालतं ठेवलं आहे.

कागद घडी करून खिशात ठेवला.

शुक्रवार, ३० ऑक्टोबर

सव्वादोन फूट.

ठरलं. जिवंत हाताला सुटत नसेल तर जिवंत नसलेला हात हवा. मला माहीत असलेल्या हातांत असा एकच आहे. पाच बोटं, आत तार, हातमोजे मी शिवलेले. त्याचं वजन माझं, गुडघे माझे, बूट माझे. मार्नीचं मार्नीसारखं चालतं तर ते माझ्यासारखं वागेल. आणि मला काही चुकीचं दिसलं की हात स्वस्थ बसत नाही.

हिल्डाबाई म्हणाल्या, आणि ते तुमचंच चालणं घेऊन गेलं तर? मी म्हटलं, काम अर्धं टाकून मी कुठे गेलेलो तुम्ही पाहिलंय? त्या म्हणाल्या, जावईबुवा, तुम्हाला ओळखून मला एक महिना झालाय. मग खुर्ची आणून पायरीजवळ ठेवली. स्वतः उचलून आणली, सत्तर वर्षांची बाई.

लोर्नाला सांगितलं. ती म्हणाली, तू मूर्ख आहेस. थोड्या वेळाने म्हणाली, किती वाजता?

शनिवार, ३१ ऑक्टोबर

दुपारी ३.००. माझ्या बुजगावण्याचे पाय उघडले, फर्मे बदलले, बूट सुलट केले. कागदावर मार्नीचं चुकलेलं अक्षर तसंच ठेवलं, शेजारी बरोबर लिहिलं. त्याच्यासमोर उभं राहून सगळं सांगितलं. आधी मार्नीचा डावा, मग उजवा. मग लोर्ना. नाडी वरून तिसऱ्या भोकापासून सैल करायची, ओढायची नाही. टाचेला जपायचं, तिथे कापलं आहे.

पाठ फिरवली आणि खुर्चीत येऊन बसलो.

३.४०. मुंग्या. डाव्या अंगठ्यापासून.

मार्नीचं चौदा इंचांवर. कडी हलतेय. साखळी जमिनीवर. पडताना आवाजही—

सूर्य ५.१० ला मावळणार. पेपरात पाहिलंय.

४.०५. गुडघ्यापर्यंत काही लागत नाही. चिमटा घेतला. लाकूड. बरं झालं. म्हणजे चालू झालं.

भोपळे लवंडलेत. तो ढिगाबाहेर आहे.

वहीत बघता बघता डोळ्याच्या कडेला दिसते: माझीच चाल. खांदा जरा डावीकडे. मी असा चालतो हे मला माहीत नव्हतं.

४.२०. वहीत बघत होतो. मान वर केली तर तो मार्नीच्या बुजगावण्यासमोर गुडघ्यावर. बिजागरी सरळ वाकलीय. हात नाडीवर. पुन्हा खाली बघतो, बघत राहिलो तर काम अडतं—

४.३१. डावा निघाला. उजवा निघाला. त्याने दोन्ही शेजारी शेजारी ठेवले, टाचा जुळवून, मी ठेवतो तसे.

उलटे चढवले. दोन्ही गाठी पक्क्या.

कर. कर. लोर्नाचे कर.

४.५०. लोर्नाचे झाले. वर काहीतरी जमिनीला लागलं. टक्. थांबलं. मग—

धप्प.

ती ओरडतेय, वेंडेल, पाय जागा झाला. लोर्ना हसतेय की रडतेय कळत नाही. गावाने यावं. ऑरिनने यावं. बघा म्हणावं. माझ्या हाताने बिघडलं, माझ्या हाताने नीट केलं.

४.५८. आता त्याने फाटकाकडे जावं. फाटक उघडं आहे. जा. नेलेलं ने. मी खुर्चीत बसेन, खुर्चीला चाकं लावेन, मला येतात लावता.

जात नाही.

काम संपलं की मी एकदा सगळ्यावर नजर फिरवतो. काही राहिलं का. तो तसंच करतोय. मार्नीचं. लोर्नाचं. भोपळे सरळ केले. मग पायरीकडे. खुर्चीकडे.

माझ्या बुटांकडे बघतोय.

५.०३. जवळ. कुरकुर नाही, तेल बरोबर पडलं होतं. गुडघ्यावर बसला. नाडी सोडतोय, तिसऱ्या भोकापासून.

दोघं एकसारखे. एकाने चालायचं तर दुसरा चालायला नको. त्याने बरोबर ओळखलं. मीही हेच केलं—

मार्नी जिन्यात. टक्-धप्प. टक्-धप्प. चार. पाच. पायऱ्या तेरा आहेत. मार्नी, दार उघडू नको. हाक निघत ना— तोंडात पेंढ्याचा वास—

आठ. नऊ.

डावा काढला. टाचेला जपलं. आता तो डावा बूट उजव्या पाया—